सगळ्यांचा होकार

खंडेरावसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली गेली, लिंबाखाली मांडली गेली, तो तिच्यात बसला आणि मग कातरणी सुरू झाली. दर वर्षी हे असंच व्हायचं. आदल्या दिवशी तलावात धुतलेली मेंढरं उन्हात वाळून फुगलेली असायची, भावकीतले कातरणारे ताडपत्री अंथरून बसलेले असायचे, आणि म्हाताऱ्या सोनाजीचा हा थोरला मुलगा, शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर, शहरातून बायको-मुलीला घेऊन बिडकीनच्या माळावर यायचा आणि खुर्चीत बसून पेपर वाचायचा. पेपर तरी किती वाचणार? जेवणवेळेपर्यंत तो छोट्या जाहिरातींवर आलेला असायचा.

कातरी मात्र तोच आणायचा. शहागंजात धार लावणाऱ्याकडे टाकायच्या आणि कातरणीच्या दिवशी घेऊन यायच्या, हे काम त्याचं. आणायचा तेही जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. गाठोडं धाकट्या भावापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "घे, तूच सोड."

हा धाकटा भाऊ म्हणजे कडुबा. मेंढरांमागे राहिला तो हाच. तोंडाने फटकळ, आणि वर्षातून एकदा दिसणाऱ्या भावावर वर्षभराचं तोंडसुख एका दिवसात घेणारा.

"प्रांजली, तुझ्या बापाला इचार बरं, कातर चावती का?" तो मेंढराचे पाय बांधता बांधता म्हणाला.

कातरणारे हसले. खंडेरावने पेपराचं पान उलटलं. प्रांजली हसली नाही, कारण आज तिला याच बापाकडून एक गोष्ट हवी होती आणि तो चिडलेला चालणार नव्हता.

प्रांजली विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचं एम.ए. करत होती. हे नक्की कशाचं एम.ए., ते घरात अजून कुणालाही चार लोकांत सांगता आलेलं नव्हतं. इतिहास म्हणावा तर त्यात अर्थशास्त्र होतं, अर्थशास्त्र म्हणावं तर भूगोल निघायचा, आणि समाजशास्त्र तर कुठूनही डोकं वर काढायचं. दिवाळीत मावशीने काळजीने विचारलं होतं, "एका विषयात घेतलं नाही म्हणून सगळे थोडे थोडे दिले का गं?" प्रांजलीने तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण आता तिला प्रबंधिका लिहायची होती आणि तिने विषय निवडला होता हाच: आपल्या घरची कातरणी. मार्गदर्शक मॅडमना तो फार आवडला. मात्र त्यांनी एक अट घातली होती. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला नीट समजावून सांगायचं आणि प्रत्येकाचा होकार घ्यायचा. तोंडी चालेल, पण प्रत्येकाचा. एकानेही नाही म्हटलं तर विषय सोडायचा आणि शहरातल्या पार्किंगवर लिहायचं. पार्किंगचा विषय वर्गात कुणालाच नको होता.

पहिलं मेंढरू कातरून झालं. आजीने, म्हणजे बानाबाईने, रिवाजाप्रमाणे त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि सगळे चहाला थांबले. प्रांजलीने ही वेळ बरी म्हणून उभं राहून सांगून टाकलं.

"मला तुमच्या सगळ्यांचा होकार पायजे. एकेकाचा वेगळा. मनापासून."

चहाच्या कपबश्या होत्या तिथे थांबल्या. बानाबाई पुढे आली आणि भंडाऱ्याची ताटली तिने मधोमध ठेवली.

चूक प्रांजलीचीच होती. या घरात एकेकाकडून शब्द घेणं म्हणजे एकच गोष्ट असायची, आणि ती म्हणजे बेलभंडारा. पिवळी चिमूट हातात घेऊन खंडोबाच्या नावाने दिलेला शब्द मरेपर्यंत सुटत नसे. फर्दापूरच्या चुलत्यांशी चराईच्या वाटेवरून झालेलं भांडण मिटलं, तेव्हा शेवटचा उचलला होता. पोरीने आज तो मागावा, म्हणजे काहीतरी भलतंच शिजलेलं असणार.

"कोण आहे मुलगा?" तिची आई संध्या पांढरी पडून म्हणाली.

"अगं मम्मी, कसला मुलगा?"

"वाटणी," कडुबाने जाहीर केलं. "दादानं पोरीच्या तोंडून वाटणी मागितली. सोता पेपर वाचतोय बघा कसा."

"मी काही मागितलं नाही," खंडेराव पेपराआडून म्हणाला.

"सगळे गप बसा," सोनाजी म्हणाला. म्हातारा मेंढरांसारखाच माणसांनाही एका हाकेत थांबवत असे. "पोरी, आधी काय ते सांग. भंडाऱ्याचं मंग बघू."

मग प्रांजलीने सांगितलं. आपल्यावर लिहायचंय हे ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडताच प्रत्येकाला शंका सुचायला लागल्या.

"पण हे शिक्षण कशाचं?" कडुबाने विचारलं. "डॉक्टर माणसाचा, वकील कोर्टाचा. तू कशाची?"

"काका, हे मेंढरू बघा," प्रांजली म्हणाली. ती या प्रश्नाला इतक्या वेळा अडली होती की आता तिला तो आवडायला लागला होता. "तुम्हाला याच्यात काय दिसतं?"

"चारा. औंदा कुठं मिळतो, कोणच्या वाटनं न्यायचं."

"हा भूगोल. मम्मी, तुला?"

"लोकरीला कुणी विचारत नाही आता, ते दिसतं," संध्या म्हणाली.

"हे अर्थशास्त्र. आजीला कातरणीची गाणी येतात, ती कुठून आली तो इतिहास. आबांना देव दिसतो, भावकी दिसते, ते समाजशास्त्र. विद्यापीठात हे चौघं चार इमारतींत बसतात आन एकमेकांच्या दारात जात नाहीत. आम्हाला सांगितलंय, त्यांना एका झाडाखाली बसवा आन मेंढरू मधी ठेवा."

"मंग ते चौघं भांडतील," सोनाजी म्हणाला.

"भांडू द्यायचं. भांडणातूनच कळतं म्हणतात मॅडम."

हे सोनाजीला पटलं. त्याच्या सगळ्या आयुष्यात जे काही कळलं होतं ते भांडणातूनच. त्याने ताटलीकडे हात नेला. "मपला होकार. उचलतो भंडारा."

"आबा, थांबा. भंडारा नाय उचलायचा. हा होकार कधीबी मागं घेता येतो. कारण सांगायची पण गरज नाय. तसा नियमच हाय."

म्हाताऱ्याचा हात हवेतच राहिला. "मागं घेता येतो? मंग त्यो होकार कसला? त्याला तर चेष्टा म्हणत्यात."

तरी त्याने तो दिला, बिनभंडाऱ्याचा, आणि काहीतरी अर्धवट राहिल्यासारखा हात धोतराला पुसला. बानाबाईने दिला आणि वर आपलं कोणतं गाणं आधी घ्यायचं तेही सांगितलं. कडुबा अडला. आमच्या गरिबीचा तमाशा नको म्हणाला, दादाचं नाव घाल, तो साहेब आहे म्हणाला. मग चराईच्या वाटांचा नकाशा निघणार आणि त्यावर आपलं नाव येणार हे कळल्यावर म्हणाला, "घे माझा. पण नाव मोठं टाक." संध्याने जास्त वेळ घेतला. तिला मुलीने स्पर्धा परीक्षा द्यायला हवी होती आणि हे सगळं तिला त्या वाटेवरचं वळण वाटत होतं. पण बानाबाईने तिच्याकडे असं काही पाहिलं की ती म्हणाली, "बरं. माझाही."

राहिला खंडेराव. त्याने पेपराची घडी केली, पुन्हा एक घडी केली.

"पप्पा?"

"नाही," खंडेराव म्हणाला. "दुसरा विषय घे बेटा. कोणताही घे, पुस्तकं मी आणून देतो. हा नको."

"पण का?"

"कारण सांगायची गरज नाही म्हणालीस ना आत्ता?" असं म्हणून तो उठला आणि माळाच्या कडेने रस्त्याकडे चालायला लागला.

प्रांजली तिथेच खाली बसली. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. कडुबा, जो आत्तापर्यंत विरोधी पक्षात होता, तो एकदम तिच्या बाजूला येऊन बसला. "जाऊ दे गं. लाज वाटती त्याला आमची. कंपनीत सांगत असंल, बाप बागाइतदार हाय म्हणून."

"मी पण तेच लिहिलंय," प्रांजली डोळे पुसत म्हणाली. "आराखड्यात. शिक्षणामुळं आलेली लाज."

संध्याने हे ऐकलं आणि ती नवऱ्याच्या मागे निघाली.

माळ संपला की नव्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता लागत होता. चांगला सिमेंटचा, रुंद, मधोमध दिव्यांचे खांब, आणि गाडी मात्र अर्ध्या तासात एखादी. खंडेराव त्याच्या कडेला उभा होता. संध्या त्याच्यापाशी पोचली ती भांडायच्या तयारीने.

"पोरीनं एकदा काही मागितलं आयुष्यात," ती म्हणाली. "आणि तुम्हाला तुमची इज्जत मोठी झाली. एवढी किळस येते तर येता कशाला दर वर्षी?"

"किळस?" खंडेरावने वळून पाहिलं. "कशाची?"

"मेंढरांची. कातरी फडक्यात धरून आणता. लग्न झाल्यापासून बघते आहे मी. प्रांजली लहान असताना कोकराला हात लावायला गेली तर तिला उचलून घेतलं होतंत तुम्ही, आठवतं? केवढी रडली होती."

खंडेराव म्हणाला, "माझा हात लई चांगला होता, संध्या. कडुबापेक्षा चांगला. लोकर एका पट्टीत सुटायची."

तिला काही समजेना. मग त्याने सांगितलं, शहरातली मराठी सोडून आपल्या बोलीत, जसं आठवत गेलं तसं. शाळेसाठी त्याला वसतिगृहात ठेवला होता. कातरणीचे दिवस आले की त्याला तिथे झोप यायची नाही. तो पळून यायचा. एकदा आला, आबांनी परत पाठवलं. पुन्हा आला. तेव्हा आबांनी त्याच्या हातात भंडारा दिला आणि वदवून घेतलं, की मी आणि माझं पुढचं कोणी मेंढराला आन कातरीला हात लावणार नाही.

"पुढचं कोणी म्हणजे प्रांजली आलीच की," खंडेराव म्हणाला. "तिनं यात हात घातला तर माझा शब्द मोडतो. आबा जिवंत असताना त्यांच्यासमोर मोडतो. आता सांग, होकार कसा देऊ?"

संध्याला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि ती दोन्ही एकदम करत राहिली. "मग हे मला कधी बोलायचं नाही का?"

"तू विचारलंस कधी?"

"खुर्चीत पेपर घेऊन बसलेल्या माणसाला काय विचारायचं? आणि एवढंच आहे तर येता कशाला? जीव जाळायला?"

"आवाज ऐकायला," खंडेराव म्हणाला. "कातरींचा. पेपर नाही वाचत मी."

इतक्या वर्षांच्या संसारात संध्याला हा माणूस त्या क्षणी जेवढा आवडला तेवढा आधी कधी आवडला नव्हता. तिने त्याचा हात धरला, भर रस्त्यात, आणि त्याला ओढत माळावर परत आणलं.

लिंबाखाली सोनाजी बिडी न पेटवता हातात धरून बसला होता. थोरल्याने नाही म्हटलं याचं त्याला नवल वाटलं नव्हतं. पोरगा शिकला, साहेब झाला आणि आपल्यातून गेला, हा हिशेब त्याने कधीच मांडून ठेवला होता. पोराने वर व्हावं ही त्याचीच इच्छा होती, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? पण दर कातरणीला खुर्ची मांडताना, पोरगा एकदा तरी खाली ताडपत्रीवर बसावा, असं त्याला वाटायचं. ते त्याने बानाबाईलाही सांगितलेलं नव्हतं.

"मामा," संध्या समोर येऊन म्हणाली. सासऱ्यासमोर ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "तुम्ही यांना लहानपणी भंडारा दिला होता का? कातरीला हात लावायचा नाही म्हणून?"

कातरी थांबल्या. सोनाजीने आधी तिच्याकडे आणि मग मुलाकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "शाळंतून पळून यायचा. धाक नको का? दहावी व्हस्तोवर म्हणलो होतो."

"तसं नाय म्हणलात आबा," खंडेराव म्हणाला.

"मनात तेच होतं."

"भंडाऱ्याला मनातलं कळत नाय. तोंडातलं कळतं. मी आन माझं पुढचं कोणी, असं वदवून घेतलं तुम्ही."

"असंच वदवलं," बानाबाई म्हणाली. "मी चुलीपाशी होते."

"मंग इतकी वर्सं तू गप कामून?" सोनाजी तिच्यावर घसरला.

"मला वाटलं, पोरगं ते इसरलं आन साहेब झालं. तुमालाबी तेच वाटत होतं."

कडुबाने हातातली कातर खाली ठेवली. वर्षानुवर्षं मारलेले टोमणे त्याला एकामागून एक आठवत असावेत. तो म्हणाला, "दादा, तू फडक्यात गुंडाळून आणायचास, ते..."

"हात लागू नये म्हणून," खंडेराव म्हणाला.

प्रांजली या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. काकाला वाटायचं गर्व, आजीला वाटायचं विसर, आई घरी म्हणायची किळस, आबांना वाटायचं दुरावा, आणि आपण तर विद्यापीठाच्या भाषेत लाज असं लिहून मोकळे झालो होतो. मेंढरू मध्ये ठेवून चौघांना बसवलं, पण ज्याच्याबद्दल बोलत होतो त्याला कुणीच झाडाखाली बोलावलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि तरीही आतून फार हलकं वाटलं.

सोनाजी उठला. "पोरी, ते मागं घ्यायचं काय म्हणत होतीस तू?"

"होकार कधीबी मागं घेता येतो, आबा."

"देणाऱ्यानं. आन ज्यानं मागितला, त्याला?"

प्रांजलीला हे मॅडमनी शिकवलेलं नव्हतं. "त्याला तर यायलाच पायजे," ती म्हणाली.

"पर देवाच्या भंडाऱ्याचं तसं कुठं असतंय?" बानाबाई घाबरून म्हणाली. "आसं कुणी केलं नाय."

"मीच देल्ला, मीच मागं घेतो. देव बोलला तर मला बोलंल." सोनाजीने ताटलीतली चिमूट घेतली, आकाशाकडे तोंड केलं आणि शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "खंडोबा, या पोरानं शब्द पाळला. त्याचा काय दोष नाय. मीच लई मोठा शब्द घेतला होता लहान पोराकून. आज परत घेतो. विद्यापीठात तसा नियम हाय म्हणं, तुमच्याकडं नसंल तर आता करा."

आणि त्याने ती चिमूट खंडेरावच्या कपाळाला लावली. चिमूट मोठी होती, त्यामुळे भंडारा नाकावरही सांडला. खंडेराव वाकला, त्याला बापाचे पाय धरायचे होते, पण म्हाताऱ्याने त्याला मध्येच धरलं आणि दोघे तसेच अवघडून उभे राहिले. बाप-लेकांना मिठी मारायची सवय नव्हती, म्हणून ती नीट जमली नाही.

कडुबाने आपली कातर उलटी धरून भावापुढे केली. "घे दादा. शहागंजची धार हाय."

खंडेराव ताडपत्रीवर मांडी घालून बसला. कंपनीचे बूट काढायचं त्याला सुचलं नाही. कडुबाने एक मेंढरू आडवं करून दिलं. त्याने लोकरीत हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग कातर चालवली.

हात चांगला होता हे खरं असेल, पण तो शाळकरी पोराचा होता. लोकर पट्टीत सुटायच्या ऐवजी झुबक्या-झुबक्यांनी सुटू लागली. एकीकडे फार खोल, दुसरीकडे नुसती वरवर. भावकीतल्या कातरणाऱ्यांनी थोडा वेळ अदब पाळली.

"दादा, कातरतोयस का गवत खुरपतोयस?" कडुबाला शेवटी राहवलं नाही, आणि मग सगळा माळ हसला. खंडेराव सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला, आणि हसताना त्याची मांड ढिली झाली. पाय नीट बांधायचे राहिले होते. मेंढरू उठलं आणि एका बाजूने उघडं, दुसऱ्या बाजूने लोकरीचं, असं त्या रुंद रस्त्याच्या दिशेने पळालं. मागे खंडेराव, बूट घालून, नाकावर भंडारा, हातात कातर. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांनी त्याला त्या वेळी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. बानाबाई हसून हसून खाली बसली, आणि संध्या मोबाईल काढून फोटो घेत राहिली, जे सगळे पुढे हललेले निघाले.

त्याने मेंढरू धरून आणलं. तो घामाने भिजला होता आणि धापा टाकत होता. खुर्चीत आता सोनाजी बसला होता, आणि त्याची बिडी एकदाची पेटली होती.

"पप्पा," प्रांजली त्याच्यासमोर उभी राहिली. तिला भीती वाटत होती, की या आनंदात आपण विचारतोय म्हणून तो हो म्हणेल, आणि तसा होकार मॅडम धरणार नाहीत. "तुमचं अजून राहिलंय. नाही म्हणालात तरी चालेल, खरंच. मी पार्किंगवर लिहीन."

खंडेरावने नाकावरचा भंडारा बोटाने पुसला आणि त्या पिवळ्या बोटाकडे पाहिलं.

"काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल? येताना मम्मी काही सांगत होती."

प्रांजलीने मान खाली घातली. "लाज."

"ते खोड."

"खोडते."

"आता माझा होकार घे," तो म्हणाला आणि ते बोट त्याने मुठीत बंद केलं. "आन मॅडमला सांग, बाकीच्यांचे मागं येऊ शकतात. हा येणार नाही."

प्रांजलीला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याने बोलू दिलं नाही. मेंढरू पुन्हा सुटायला बघत होतं.

"उभी काय राहिलीस? पाय धर त्याचे."

ती तरीही उभीच राहिली. लहानपणापासून प्रत्येक कातरणीला ती इथे आली होती, आणि प्रत्येक वेळी या हातांनी तिला उचलून बाजूला ठेवलं होतं. तिने एकदा आबांकडे पाहिलं. सोनाजीने खुर्चीतूनच मान हलवली.

प्रांजली गुडघ्यांवर बसली आणि तिने मेंढराचे पाय धरले. लोकर उन्हाने गरम झाली होती, आणि त्या लोकरीखाली जनावराचं काळीज जोरात धडधडत होतं.

"घट्ट धर," बाप म्हणाला, आणि त्याने कातर उघडली.